काटा पावच्या वर

गाडीत डिझेल किती आहे ते काट्याला विचारायचं आणि डिझेल गेलं कुठं ते नानांना विचारायचं, असा गेल्या दीड-दोन वर्षांतला माझा हिशेब. गाडी सहा टायरची, २०१२ची, हप्ते फिटलेली. नाना तिच्यावर अकरा वर्षं ड्रायव्हर आहेत. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माझ्या वहीत सोळा लिटर कमी भरले आणि मी नानांच्या भत्त्यातून दीड हजार रुपये कापले. ते भांडले नाहीत. राहिलेले पैसे मोजून खिशात घातले आणि म्हणाले, "एकदा तुम्हीच चला शेठ बरोबर."

दिवाळी झाली, नवं भात आणि लाल कांदा दोन्ही सुरू झालं, आणि मी वही घेऊन केबिनमध्ये बसलो.

पहिला दिवस : आडगाव ते घोटी

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवरून निघायला बारा वाजले. नानांनी किल्ली फिरवली. आमच्या गाडीतला काटा झटकन उठत नाही, सकाळी म्हातारं माणूस उठतं तसा थांबत थांबत उठतो. पावच्या खुणेच्या थोडा वर जाऊन स्थिर झाला. टाकी १६० लिटरची. पाव म्हणजे चाळीस, वरचा थोडा म्हणजे पंधरा. मी वहीत ५५ लिहिलं. पंपावर चाळीस लिटर टाकलं. काटा अर्ध्याच्या जरा पुढं गेला. वहीत : ९५.

नानांनी मान वाकडी करून वहीत पाहिलं.

"पंचाण्णव?"

"काटा बघा ना."

"काटा बघूनच इचारतोय."

इथं कुणी म्हणेल, टाकी फुल करून निघायचं, परत आल्यावर फुल करायची, जितकं मावलं तितकं जळालं. किलोमीटरला लिटरनं भागलं की अॅव्हरेज हातात. बरोबर आहे. त्याच पंपावर, त्याच जागी, पहिल्यांदा नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, म्हणजे फरक राहात नाही. पण फुल टाकीला चौदा-पंधरा हजार रुपये एका वेळी मोजावे लागतात. एका गाडीचा मालक भाडं हातात पडेल तसं डिझेल टाकतो, कधी तीन हजारांचं, कधी चारचं. ज्यांच्या गाड्या पन्नास आहेत त्यांनी फुल टाकीचा हिशेब ठेवावा. आम्ही काट्यावर जगतो.

द्वारका चौकापाशी नेहमीसारखं अडकलो. २०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, त्यामुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल ते आदल्या रात्रीही सांगता येत नाही. विल्होळीच्या पुढं एका गतिरोधकावर मागची चाकं दणकन आदळली आणि काटा हळूहळू खाली यायला लागला. मी बघत होतो. अर्ध्याच्या पुढं होता तो अर्ध्याच्या बराच मागं आला. वाडीवऱ्हेपर्यंत तिथंच राहिला. मग पुन्हा आपल्या आपण वर.

"दिसलं का?" नाना म्हणाले.

"डिझेल हलतं ना टाकीत."

"तीन किलोमीटर हलत ऱ्हायलं व्हय?"

मी गप्प बसलो. पण पटलं नव्हतं.

घोटीत भाताच्या गिरण्यांच्या बाजूला शिरलं की हवेला वेगळाच वास येतो, कोंड्याचा आणि गरम तांदळाचा. नोव्हेंबरात इगतपुरी तालुक्यातलं नवं भात यायला लागतं आणि गिरण्या रात्रभर चालतात. आमचा इंद्रायणी होता, मालेगावच्या व्यापाऱ्याचा. हमालांनी पोती चढवेपर्यंत अंधार पडला. वजनकाट्यावर गाडी घेतली, रिकामी आणि भरलेली दोन्ही वजनं चिठ्ठीवर छापून आली, त्या चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास. वजनकाट्याला दरवर्षी वैधमापनवाले तपासून शिक्का मारतात. केबिनमधल्या काट्याला कुणी तपासत नाही, आणि मी त्याच्यावर माणसाचे पैसे कापले होते. हे मला तिथं सुचलं नाही, नंतर सुचलं. तिथं मी नानांकडून टाकीच्या झाकणाची किल्ली मागून घेतली. "राहू द्या माझ्याकडं," म्हटलं. त्यांनी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडून हातावर ठेवली.

दुसरा दिवस : घोटी ते मालेगाव

पहाटे निघालो. नाशिक, ओझर, पिंपळगाव, चांदवड. द्राक्षबागांवर धुकं होतं. पिंपळगावला मिसळ खाल्ली. राहुड घाट उतरताना नानांनी इंजिनवरच गाडी धरली, ब्रेकला फारसा पाय लावला नाही. मालेगावात संध्याकाळपर्यंत पोती उतरली.

काटा पुन्हा पावच्या थोडा वर, पंपाआधी होता बरोबर त्याच जागी. म्हणजे चाळीस लिटर गेलं. आडगावपासून एकशे नव्वद किलोमीटर. भागाकार केला : पावणेपाच. भरल्या गाडीला हे चांगलं अॅव्हरेज. मी गाडीत होतो म्हणून नाना नीट वागले, की नाना नेहमीच नीट वागतात, हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं. वहीत शिल्लक ५५ लिहिली.

रात्री दोघं केबिनमध्येच झोपलो, आमचा क्लीनर पोऱ्या वर ताडपत्रीवर. यंत्रमागांचा खटखटाट थांबत नाही या गावात, थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो एवढंच. किल्ली माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. नानांना ते माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. झोप दोघांनाही लागली नसावी.

तिसरा दिवस : उमराणे आणि राहुड घाट

परतीचा माल उमराण्यातून लाल कांदा, लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर टाकायचा. लिलाव, वजनकाटा, भराई, यात अडीच वाजले. उन्हात कांद्याची टरफलं उडत होती. गाडी भरून झाली तेव्हा काटा पावच्या वर. निघालो. काटा पावच्या वर. राहुडचा चढ सुरू झाला, नानांनी तिसरा टाकला, मग दुसरा. काटा पावच्या वर.

आणि इंजिन एकदा खोकलं.

नानांनी पाय सोडून पुन्हा दाबला. गाडी क्षणभर उचलली, मग दोनदा आचका दिला. "एअर घेतली," नाना म्हणाले, आणि मिळेल तेवढ्या जोरात गाडी डावीकडं काढली. इंजिन बंद पडलं. चढावर, मागं दहा टन कांदा. पोऱ्यानं उडी मारून आधी मागच्या चाकांना दगड लावले, मगच बाकी सगळं. तीस पावलं मागं जाऊन रस्त्याच्या कडेला बाभळीच्या फांद्या टाकल्या. आमचा लाल त्रिकोण मागच्याच महिन्यात कुणीतरी लांबवला होता.

"एअर कशी घेईल? पंचेचाळीस लिटर तरी आहे," मी म्हणालो.

नाना खाली उतरून टाकीपाशी गेले. हात पुढं केला. मी किल्ली दिली. त्यांनी झाकण उघडलं, तोंडातली जाळी काढली, टाकीवर कान ठेवून बुक्कीनं दोनदा ठोकलं. वरून खालपर्यंत एकच पोकळ आवाज. मग मलाही ठोकायला लावलं. अगदी तळाशी, चार बोटांच्या खाली, आवाज जरासा बसका झाला.

पंचेचाळीस लिटर नव्हतं. सात-आठ असेल. ते चढामुळे मागच्या अंगाला गेलेलं, आणि डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वरच संपते, नाहीतर तळाचं पाणी आणि गाळ सगळा फिल्टरमध्ये जाईल. म्हणजे टाकीतलं शेवटचं काही लिटर कधीच आपलं नसतं. गाडी सपाटीला असती तर कदाचित चांदवडपर्यंत गेलीही असती.

मी केबिनमध्ये चढून काटा पुन्हा पाहिला. पावच्या वर. निवांत.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते लिहितो, कारण ते आलं. पहिला विचार आला, रात्री कुणी काढलं? मग खिशाला हात गेला. किल्ली परवापासून माझ्याच खिशात होती आणि झाकणावर ओरखडा नव्हता. मी गाडीत नसतो तर आज संध्याकाळी वहीत सदतीस-अडतीस लिटर कमी लिहिलं असतं आणि पुढं नानांचं नाव.

पोऱ्या एका मोटारसायकलवाल्याच्या मागं कॅन घेऊन बसला. तो यायला तासभर लागला. तोवर नाना दगडावर बसून तंबाखू मळत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

वीस लिटर ओतलं. पण डिझेल गाडीत नुसतं ओतून भागत नाही. पेट्रोलची गाडी संपली तर टाकून सेल्फ मारा, चालू होते. डिझेलच्या जुन्या इंजिनातल्या पंपात एकदा हवा शिरली की पंप हवेलाच दाबत बसतो, इंजिनात फवारा मारणाऱ्या नोझलपर्यंत दाब पोचत नाही. ती हवा हातानं काढावी लागते. नानांनी बॉनेटच्या बाजूनं आत हात घातला, फिल्टरवरचा ब्लीडिंगचा स्क्रू दोन आटे ढिला केला आणि मला फीड पंपावरचा हँड प्रायमर दाखवला. अंगठ्याएवढा गोल दांडा, वर-खाली मारायचा.

"मारा."

मी मारायला लागलो. आधी नुसती फुस्स. मग स्क्रूच्या कडेनं पिवळट फेस, सोडावॉटरसारखा. मारत राहिलो. तळहात जळायला लागला. शंभरएक वेळा मारल्यावर फेसात मध्येच एखादा थेंब, मग थेंबांत फेस, आणि शेवटी बुडबुडा नसलेली एकसंध धार, नानांच्या बोटांवरून खाली. "असंच मारत ऱ्हावा," म्हणत त्यांनी धार चालू असतानाच स्क्रू आवळला. मग तसंच पंपावरच्या स्क्रूचं. मग सतराचा पाना घेऊन तीन नोझलच्या लाइनचे नट जरा सैल केले, पोऱ्याला सेल्फ मारायला लावलं. घर्र घर्र, आणि नटांपाशी आधी फुरफुर, मग थेंबथेंब उडायला लागले. एक नट आवळला, दुसरा आवळला, तिसरा आवळायच्या आतच इंजिनानं पांढरा धूर सोडला आणि धरलं.

(नव्या गाड्यांवर हे करू नका. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो, नट सैल करून बघायला गेलात तर डिझेल कातडीतून आत शिरतं. तिथं फक्त प्रायमर मारायचा आणि बाकीचं मेकॅनिकवर सोडायचं.)

माझ्या तळहाताची साल निघाली होती. नानांनी कापसाचा बोळा दिला, डिझेलमध्ये भिजलेलाच.

चांदवडच्या चौफुलीवर चहाला थांबलो. शेजारी तेल कंपनीचा टँकर उभा होता, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून भरून नाशिककडं निघालेला. मुंबईहून पाइपलाइननं पानेवाडीपर्यंत येतं, तिथून असल्या टँकरनी आमच्या सगळ्या पंपांवर जातं. बारा हजार लिटर, आमच्यापासून चार हातांवर, कुलूपबंद. तासापूर्वी आम्हाला वीस मिळत नव्हतं.

टँकरवाला साठीचा. नानांनी त्याला सगळं सांगितलं, किल्लीचं सोडून. तो हसला.

"आमच्या टँकरला काटाच नसतो."

"मग?"

"डिप." त्यानं टँकरवरच्या लांब धातूच्या पट्टीकडं बोट केलं. "प्रत्येक कप्प्याची मापं वैधमापनवाल्यांनी काढून दिलेली. पंपावर गेलो की गाडी सपाटीला लावायची, थोडा वेळ डिझेल स्थिर होऊ द्यायचं, मग मालकासमोर पट्टी आत. जिथं ओलं तिथवर माल. एवढं डिझेल रोज वाहतो, पण काट्यावर एक लिटरसुद्धा देत नाही कुणी."

मी विचारलं, आमच्या टाकीला चालेल का. तो म्हणाला, का नाही चालणार, लाकडाची पट्टी घ्या, टोकाशी चपटी. काठीवर डिझेल चढतं, खूण नीट दिसत नाही, म्हणून खालच्या बाजूला खडू घासा. खडू भिजला की रेघ उमटते. दरवेळी त्याच जागी, सरळ उभी, तळाला टेकेपर्यंत. आणि चढावर मोजू नका. एवढं सांगून तो उठला. जास्त वेळ थांबला तर वरून फोन येतो म्हणाला.

चांदवडचा रंगमहाल, अहिल्याबाईंचा, दरवेळी बाहेरूनच दिसतो. दरवेळी म्हणतो थांबू. पंपावर आणखी तीस लिटर टाकून लासलगाव गाठलं तेव्हा खळ्यावर दिवे लागले होते.

चौथा दिवस : लासलगाव, निफाड, आडगाव

खळ्यावर सकाळपासून बायका कांदा निवडत होत्या, गोल्टी वेगळी, मोठा वेगळा. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून लासलगाव सगळ्यांना ठाऊक, आम्हाला ते भाडं उशिरा मिळणारं गाव म्हणून ठाऊक. अकरापर्यंत बसलो.

निफाडात सुताराकडून सागाची अरुंद पट्टी रंधून घेतली, दोन हात लांब. पन्नास रुपये म्हणाला, नानांनी तीसवर आणलं. नांदूर मध्यमेश्वरकडं जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या, दुर्बिणीवाल्या. २०२०मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांची गर्दी वाढलीय. आम्ही रस्त्याच्या कडेला टाकीत काठी घालून वाकून बघत होतो, आमच्याकडंही दोघांनी दुर्बीण वळवली.

काठी साडेसहा इंच भिजली. साडेसहा इंच म्हणजे किती लिटर? तेच तर माहीत नव्हतं.

पाचवा दिवस : आडगाव

टर्मिनलच्या बाजूला एक ऑटो-इलेक्ट्रिशियन बसतो. त्यानं आधी टाकीला हातच लावला नाही. टाकीवरच्या, डिझेल मोजणाऱ्या युनिटची वायर काढली आणि मला केबिनमध्ये बसून काटा बघायला सांगितलं. वायर मोकळी, काटा हळूहळू चढत फुलच्या पार. मग तीच वायर चेसीच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा उतरत उतरत शून्यावर. "मीटर चांगला, वायर चांगली," तो म्हणाला. "भानगड टाकीवर."

सगळ्याच गाड्यांचं असं नसतं, काहींत उलटं असतं. वायर मोकळी केली की रिकामं, टेकवली की फुल. आपल्या गाडीचं कुठलं ते आधी बघून ठेवावं.

टाकी खाली घेतली. तळाला पाणी, गंज, आणि एक बाटलीचं झाकण, ते कधीचं देव जाणे. युनिट बाहेर काढलं. हातभर तारेच्या टोकाला तरंगणारा फ्लोट, आणि वरच्या डबीत एक अर्धगोल पट्टी, तिच्यावरून एक बारीक पान सरकतं. फ्लोट खाली तर रोध कमी, वर तर जास्त. त्यानं मल्टिमीटर लावला. पान तळाला : १० ओहम. पूर्ण वर : १८०. म्हणजे युनिटही ठीकच.

मग त्यानं मल्टिमीटरचं एक टोक टाकीच्या पत्र्याला आणि दुसरं चेसीला लावलं. टाकीचे पट्टे रबरावर बसतात, त्यामुळे टाकीची अर्थ (वीज परत जायची वाट) वेगळ्या वायरनं चेसीला दिलेली असते. ती वायर होती. तिच्या टोकाचा वॉशर मात्र गंजून तपकिरी भुगा झाला होता. मीटरवर चाळीस, वायर हलवली की दोन, सोडली की परत चाळीस.

मी तिथंच चेसीला टेकून वही उघडली. रिकाम्या टाकीचे दहा आणि गंजाचे चाळीस, पन्नास. काट्याला कळणार कसं की यातले चाळीस गंजाचे आहेत? तो पन्नास वाचणार आणि पाव टाकी दाखवणार. राहुड घाटात तो तेच करत होता. आणि विल्होळीच्या गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा वॉशर थोडा वेळ नीट टेकला असणार, म्हणून काटा खाली आला. ते तीन किलोमीटर तो खरं बोलत होता. मीच म्हटलं, डिझेल हलतंय.

दिवाळीचंही त्यातच. निघताना काटा गंजासकट, पोचल्यावर वॉशर टेकलेला, आणि मी दोन वेगळ्या काट्यांची वजाबाकी केली. असं उलटं झालेल्या खेपाही वहीत आहेत. सप्टेंबरात एका पेठच्या फेरीला गाडीनं लिटरला सात दिले होते. भरल्या गाडीनं, सावळघाट चढून, सात. तेव्हा मी नानांना काही जास्तीचं दिलं नव्हतं. शंकाही आली नव्हती.

इलेक्ट्रिशियननं टोक घासून चकचकीत केलं, नवा वॉशर, नवी वायर, वर ग्रीसचा लेप. दोनशे रुपये. तोपर्यंत नानांनी टाकी धुऊन उन्हात वाळवली आणि पट्ट्यांत बसवली.

आता टाकी कोरडी होती. इतकी कोरडी पुन्हा कधी मिळायची नाही, म्हणून काठीवर खुणा तेव्हाच करायच्या ठरलं. समोरच्या पंपावर वीस-वीस लिटरचे दोन कॅन. पंपवाल्याकडं पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं, गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं. नानांनी ते मागितलं. पाच लिटर काठोकाठ बरोबर उतरलं, मग कॅन भरायला सुरुवात. पंपावरच्या पोरानं मला ओळखलं, "काय शेठ, आज कॅनमध्ये?" म्हणून.

पहिला कॅन ओतला. पाच मिनिटं थांबलो. नानांनी काठीला खडू घासला, तोंडातून सरळ खाली सोडली, तळाला टेकल्याचा टक आवाज आला, वर काढली. सव्वातीन इंचांवर रेघ. पोऱ्यानं करवतीच्या पात्यानं खाच पाडली. दुसरा कॅन. मला वाटलं दुसरी खाच साडेसहावर येणार. आली सव्वापाचवर. नाना माझ्याकडं बघायला लागले, मी काठीकडं. पुन्हा घातली. सव्वापाचच. तिसरा कॅन : सात इंचांच्या दोराभर वर. चौथा : जेमतेम नऊ.

टाकी आडव्या पिंपासारखी गोल आहे, हे अकरा वर्षं डोळ्यांसमोर होतं. तळाशी अरुंद, मध्ये रुंद. तळातले वीस लिटर सव्वातीन इंच चढतात, मधले वीस पावणेदोन इंचांत मावतात. आणि फ्लोटला लिटर कळत नाहीत, त्याला फक्त उंची कळते. अर्ध्या उंचीला अर्धं डिझेल असतं, पण पाव उंचीला पाव नसतं. हिशेब केला तर १६० लिटरच्या गोल टाकीत पाव उंचीला एकतीस लिटर भरतं, चाळीस नाही. म्हणजे अर्थ चांगली असतानासुद्धा काटा पाववर आला की माझी वही नऊ लिटरनं खोटी. चौकोनी टाकीवाल्यांना हा त्रास नाही, त्यांना फक्त गंजाचा.

चार कॅननंतर मी थांबवलं. ऐंशी लिटर म्हणजे त्या दिवशी जवळ होते तेवढे पैसे संपत आले होते. किल्ली फिरवली, काटा उठला आणि बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबला.

मी खिशातून दीड हजार काढले आणि डॅशबोर्डवर, सप्तशृंगीच्या फोटोखाली ठेवले. काय बोलावं ते सुचलं नाही. नाना काठी पुसत होते. पैशांकडं त्यांनी पाहिलं, मग चाव्यांच्या जुडग्याकडं. टाकीची किल्ली मी अजून कायमची परत दिली नव्हती, विसरलो होतो. काढून दिली. त्यांनी ती करदोट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि पैसे तसेच ठेवून पोऱ्याला हाक मारली.

"कॅन आण रं. शंभराची खाच ऱ्हायलीय."

मी म्हणालो, पैसे संपलेत.

"हायेत की," म्हणाले, आणि फोटोखालच्या नोटा उचलून पंपाकडं चालायला लागले.

मी मागनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. पंपावरच्या पोरानं नोझल हातात धरलं होतं आणि आम्ही दोघं तिथं उभे राहून पैसे एकमेकांच्या खिशात कोंबत होतो. शेवटी ते त्यांच्या खिशात गेले. वीस लिटर उधारीवर आलं. खाच पावणेअकरा इंचांवर पडली.